रिकाम्या गाडीचे ब्रेक

माझं वजन ऐंशी किलो आहे. हे मी सहसा कोणाला सांगत नाही, विहारातल्या बायकांना तर मुळीच नाही. पण ते सांगितल्याशिवाय ही गोष्ट पुढं सरकत नाही, म्हणून सांगून टाकलं.

आमच्या घरात तीन माणसं. मी पुष्पा, पांढुर्ण्यातल्या अंगणवाडीत सव्वीस वर्षं लोकांची पोरं सांभाळते. माझे मालक भाऊराव हायवेवर ट्रकचे ब्रेक दुरुस्त करतात. इंजिनाला हात लावत नाहीत, गिअरला लावत नाहीत, फक्त ब्रेक. एकतीस वर्षं झाली. आणि आमची एकुलती एक प्रियंका सौंसरच्या नगरपालिकेत सब-इंजिनियर आहे, रोज बसनं जाते-येते.

दोन वर्षांपूर्वी प्रियंकानं एक जुनी गाडी घेतली. दिसायला साधी निळी गाडी, पण इंजिन टर्बोचं. ती पहिल्यांदा दारात सुरू झाली तेव्हा शेजाऱ्यांचा कुत्रा खाटेखाली शिरला तो संध्याकाळीच बाहेर आला. लोकांच्या पोरी सोनं घेतात, आमच्या पोरीनं हे घेतलं. मी चार दिवस कुरकुर केली आणि पाचव्या दिवशी मागच्या सीटवर जाऊन बसले. तेव्हापासून ती सीट माझी.

तिला ही गाडी का हवी होती, तर नागपूरच्या पलीकडं एक बंद पडलेली विमानाची धावपट्टी आहे, तिथं दर फेब्रुवारीत गाड्यांची स्पर्धा होते. एका वेळी एकच गाडी सोडतात. रस्त्याच्या कामावर ठेवतात तसल्या लाल कोनांमधून गाडी वळवत पळवायची आणि शेवटी चुन्यानं आखलेल्या चौकोनात उभी करायची. चाक रेषेबाहेर गेलं की सगळी मेहनत बाद. तीन वर्षं प्रियंका दोरीच्या अलीकडं उभी राहून दुसऱ्यांच्या गाड्या पाहत होती. यंदा तिचं नाव लागलं. घरी येऊन सांगताना तिचा आवाज कापत होता. दहावीच्या निकालाच्या दिवशीसुद्धा तो कापला नव्हता.

तर पळण्यापेक्षा थांबणं अवघड, आणि थांबवणं हा भाऊरावांचा धंदा. म्हणजे घरात दुसरा विषयच राहिला नाही. भाजीत मीठ आहे की नाही हे सांगायलाही कोणाला फुरसत नव्हती.

आधी पुण्याहून पार्सल आलं. त्यात पुढच्या दोन चाकांसाठी ताटाएवढ्या लोखंडी डिस्क होत्या आणि लाल रंगाचे चार पिस्टनचे कॅलिपर. कॅलिपर म्हणजे काय हे मला एवढंच कळलं की तो एक मोठा चिमटा आहे. पायानं ब्रेक दाबला की तो फिरत्या डिस्कला दोन्ही बाजूंनी धरतो.

भाऊरावांनी पार्सल पाहिलं आणि विचारलं, "आन मांगच्या चाकांचं काय?"

"मागचं जुनंच राहू द्या ना बाबा. ब्रेक तर पुढचेच जास्त लागतात."

"बसवून देतो. मंग तूच पाह्यशीन."

आमच्या घरात हे वाक्य आलं की समजायचं, माणसाला पुढचं सगळं दिसून राहिलं आहे आणि तो मुद्दाम सांगत नाही. मला त्यांचा हा स्वभाव मुळीच आवडत नाही. बसवल्यानंतर पहिल्याच ब्रेकला गाडीनं नाक रस्त्याला लावलं, पुढची चाकं किंचाळली, आणि माझ्या मांडीवरचा कढीचा डबा भाऊरावांच्या सीटच्या पाठीवर जाऊन फुटला. गाडी थांबली मात्र आधी थांबायची तिथंच.

"पाह्य," भाऊराव मानेवरची कढी पुसत म्हणाले. "पुढचे दोघं मरमर करून राहिले, मांगचे दोघं नुसते हजेरी लावून राहिले. पुढं जेवढं वाढवलं, तेवढ्या हिशोबानं मांगंही वाढवा लागते."

मग महिनाभरानं मागच्या चाकांचं सामान आलं. थोड्या लहान डिस्क, कॅलिपर, पुढच्या चाकांसारखेच ब्रेकचे पॅड, आणि एक छोटा वॉल्व्ह. या वॉल्व्हला पितळी चावी होती. ती फिरवली की मागच्या चाकांकडं जाणारा ब्रेकचा जोर कमी-जास्त होतो. गाडी जुनी, तिच्यात चाक जाम होऊ न देणारी नवी यंत्रणा नाही, म्हणून ही चावी नेमकी लावणं हेच खरं काम, असं भाऊराव म्हणाले. पुढच्या-मागच्याचा मेळ बसला पाहिजे.

तो मेळ त्यांनी चार रविवार बसवला. रविवारच का, तर रविवारी आम्ही रामाकोन्याला जातो, माझ्या बहिणीकडं, सुमनकडं. आणि आमच्याकडं सोयऱ्याच्या घरी रिकाम्या गाडीनं जायची पद्धत नाही. मोटारसायकलवर जाणारासुद्धा मागं एक पिशवी बांधून जातो. घरच्या तीस झाडांवर मृग बहराची संत्री लागली होती, म्हणून डिक्कीत दोन कॅरेट संत्री. आता रामाकोन्यात काय संत्री नाहीत? सुमनच्या दारातच झाड आहे. पण मी आमची नेते, ती तिची तुरीची डाळ आणि ज्वारी देते, कॅरेट जाताना भरलेले आणि येतानाही भरलेले. दोघींपैकी कोणाच्या मनात आजवर हे थांबवायचं आलेलं नाही.

रस्त्यात मोकळी जागा आली की प्रियंका जोरात ब्रेक मारायची. भाऊराव खाली उतरून उलटा हात चाकाजवळ नेऊन धग पाहायचे, मग बाटलीतलं पाणी बोटांनी शिंपडायचे, मी तव्यावर शिंपडते तसं. "पुढच्यानं ओरडलं पाह्यजे," ते म्हणायचे, "आन मांगच्यानं निदान हो म्हनलं पाह्यजे." मग बॉनेट उघडून चावी एवढीशी फिरवायची, की पुन्हा गाडीत. चौथ्या रविवारी गाडी अशी थांबली की माझ्या हातातल्या पेल्यातला चहा हलला, पण सांडला नाही. भाऊरावांनी माझ्या नेलपॉलिशनं चावीवर लाल खूण केली. बापलेक एकमेकांकडं पाहून हसले. मीही हसले, म्हटलं चला, आता भाजीतलं मीठ कळेल.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, प्रियंका पहिल्यांदाच ती गाडी घेऊन ऑफिसला गेली.

संध्याकाळी जेवण झाल्यावर तिनं सांगितलं. मोहगावच्या अलीकडं शेतातून एक ट्रॅक्टर आडवा आला. तिनं ब्रेक दाबला, आणि गाडीची मागची बाजू सरकत पुढं निघाली. गाडी अर्धी गोल फिरली आणि पांढुर्ण्याकडं तोंड करून रस्त्याच्या कडेला उभी राहिली. कुठं लागलं नाही, कोणाला लागलं नाही. ती दहा मिनिटं तशीच बसून राहिली, मग ऑफिसला गेली, दिवसभर काम केलं आणि पंचवीसच्या वेगानं घरी आली.

 मी तिच्या पाठीवरून हात फिरवला तर तिनं तो फिरवू दिला. नेहमी झटकते.

भाऊरावांनी मंगळवारी दुकान बंद ठेवून चारही चाकं खोलली. नळ्या पाहिल्या, पॅड पाहिले, चावी पाहिली. खूण जागच्या जागी होती. दोष काही सापडेना. मग ते म्हणाले, चालवून पाहू. मी म्हटलं, "मी येते. पोरगी आन गाडी दोन्ही माह्या डोळ्यासमोर तपासा." मी काही त्या दिवशी घरी बसणार नव्हते. डिक्कीत गावात द्यायची दोन कॅरेट मी त्या सकाळीच ठेवली होती. आम्ही तिगावच्या बाजूच्या रिकाम्या रस्त्यावर गेलो. प्रियंकानं सहा वेळा ब्रेक मारला. सहाही वेळा गाडी पट्टीनं ओढल्यासारखी सरळ.

 घरी आल्यावर भाऊराव चप्पल काढता काढता म्हणाले, "गाडीत दोष नाही. तुहा पाय चुकला. घाबरली असशीन, एकदम मारला असशीन."

"बाबा, मी चार रविवार यापेक्षा जोरात मारून राहिली."

"मंग मले सांग, दोष कुठी हाय?"

 स्पर्धेच्या फॉर्मवर ब्रेक बसवणाऱ्याची सही लागते, आणि फॉर्म शुक्रवारपर्यंत द्यायचा होता. भाऊराव म्हणाले, जोवर कळत नाही तोवर मी सही करत नाही. त्यांचंही खरं होतं. सही केली आणि तिथं ती अशीच फिरली तर? आणि नाही केली, तर पोरगी पुन्हा दोरीच्या अलीकडं, आणि वर बापाचा शिक्का की पाय चुकला. मला त्या माणसाचा राग आला आणि त्याची दयाही आली.

प्रियंका माझ्याजवळ येऊन बसली. रडली नाही. म्हणाली, "आई, तू बसली की गाडी शहाण्यासारखी वागते. मी एकटी असली की अंगावर येते."

"गाडीले काय कळते बाई, कोन बसलं थे," मी म्हटलं आणि उठून भांडी घासायला गेले.

पण ते वाक्य डोक्यातून जाईना. बुधवारी सकाळी कणीक मळताना मला एकदम माझ्या बाबांची बैलबंडी आठवली. माझं माहेर मोहगावचं. बंडीला दोनच चाकं, त्यामुळं भार कुठं आहे त्यावर सगळं. मागं जास्त भरलं की बंडी उलार होते, जू बैलांच्या मानेवरून वर उठतं. म्हणून बाबा कपाशीच्या पऱ्हाट्या भरल्या की मला पुढं जुवाजवळ धुरेवर बसवायचे. मी सात वर्षांची, असेन पंधरा-सोळा किलोची, पण तेवढ्यानं जू खाली राहायचं. "पुष्पी, उतरू नोको, तू उतरली का बंडी उठते," असं ते म्हणायचे. मला तेव्हा वाटायचं, बंडी मीच चालवते.

कणकेचे हात तसेच ठेवून मी उभी राहिले. मी उतरले तर काय होतं?

डबा घेऊन जायला वेळ होता, पण मी तशीच दुकानात गेले. भाऊराव एका रिकाम्या ट्रकखाली आडवे झाले होते. फक्त पाय दिसत होते.

"प्रियंकाचे बाबा," मी त्या पायांना विचारलं, "मी गाडीत नसताना तुमी एकदा तरी ब्रेक मारून पाह्यला काय?"

"तू असली काय आन नसली काय, ब्रेकले काय फरक..."

तिथं आवाज थांबला. पाना खाली ठेवल्याचा आवाज आला. मग ते हळूहळू बाहेर सरकले, उठून बसले आणि त्या ट्रककडं पाहत राहिले. ट्रक रिकामा होता. एकतीस वर्षं हा माणूस येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला बजावतो आहे की माल उतरवला की ब्रेक जपून मारा, मागं वजन नसलं की मागची चाकं जाम होतात आणि ट्रक आडवा फिरतो.

"दोन कॅरेट," ते म्हणाले. "चाळीस किलो."

"आन मी?"

ते माझ्याकडं पाहायला तयार नव्हते. "तुले मी कधी वजनात धरलंच नाही."

"हे चांगलं का वाईट, थे मंग ठरवू," मी म्हटलं. "आधी पोरीले फोन करा."

फोन त्यांनी केला नाही. असल्या गोष्टी ते फोनवर बोलत नाहीत. प्रियंका साडेपाचला बसमधून उतरली तर बाप स्टँडवर गाडी घेऊन उभा. मी मागं बसलेली. डिक्की रिकामी. तिगावच्या रस्त्यावर पोचलो तेव्हा ऊन अजून होतं. भाऊरावांनी मला उतरवलं, स्वतःही उतरले. प्रियंकाला म्हणाले, "एकटी जा. चाळीसच्या वर नोको."

मी बाभळीखाली उभी राहिले. दोन वर्षांत त्या गाडीला थांबताना मी बाहेरून कधी पाहिलंच नव्हतं. गाडी आली, ब्रेक लागला, आणि मागची दोन्ही चाकं फिरायची थांबली. गाडी पुढं जात होती, पण मागची चाकं मेल्यासारखी उभी होती. मग मागचा भाग हातभर बाजूला सरकला. तेही चाळीसच्या वेगात.

भाऊराव गाडीपाशी गेले. प्रियंका काच खाली करून बसली होती. त्यांनी छतावर हात ठेवला आणि खाली वाकले.

"पियू, चूक माही होती. तुहा पाय बराबर होता."

लग्नाला तीस वर्षं झाली, पण हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.  प्रियंकानं हात घालून बॉनेटची खटकी ओढली, एवढंच. बापलेकीचं भांडण असं मिटतं, मला हे कधी जमलं नाही.

भाऊरावांनी नखानं लाल खूण खरवडून काढली आणि चावी थोडी मागं फिरवली. ती गेली, वळून आली, थांबली. चाकांवर पाणी, पुन्हा चावी, पुन्हा फेरी. प्रत्येक वेळी मागची बाजू आधीपेक्षा कमी सरकत होती. नऊ फेऱ्या झाल्या, दहावी झाली. मग चाळीसऐवजी साठ, साठऐवजी ऐंशी. बाराव्या फेरीला ती लांबून सुसाट येताना दिसली आणि मी भाऊरावांचा दंड धरला. गाडी आमच्यासमोर खाली दबली, चारही पायांवर एकदम बसली आणि सरळ उभी राहिली. आत ती एकटीच होती.

भाऊरावांनी पाणी शिंपडलं. पुढची चाकं ओरडली, मागच्यांनी हो म्हटलं. त्यांनी नवी खूण केली, हात पुसले, फॉर्म बॉनेटवर ठेवला आणि पूर्ण नावानिशी सही केली.

स्पर्धा रविवारी होती. मी धरूनच चालले होते की आम्हीही जाणार. शनिवारी प्रियंका म्हणाली, "आई, या वेळी एकटी जाते. तुम्ही तिथं असले तर माझं लक्ष तुमच्याकडंच राहीन." मी "बरं" म्हटलं. वाईट वाटलं, पण ते तिला दाखवायचं कारण नव्हतं.

रविवारी सकाळी ती निघाली तेव्हा मी सवयीनं संत्र्यांचं कॅरेट उचलून दारात आणलं होतं. तिथल्या लोकांना देईल, उपाशी राहणार नाही. भाऊराव म्हणाले, "ठेव ना. रस्त्यानं एका कॅरेटनं काही होत नाही. तिथी पियू उतरवून घेईन."

डिक्की उघडीच होती. मी डिक्कीकडं पाहिलं, मागच्या सीटकडं पाहिलं. सीटवर माझ्या बसण्याचा खळगा पडलेला आहे, तो आता कशानं जायचा नाही.

"नाही," मी म्हटलं. "रिकामीच जाऊ द्या."

कॅरेट मी ओट्यावर ठेवलं आणि डिक्की माझ्या हातानं लावली. माझ्या घरातून आजवर कोणी रिकाम्या गाडीनं गेलं नव्हतं. गल्लीच्या कोपऱ्यावर तिचे मागचे लाल दिवे लागले, गाडी सरळ थांबली आणि वळली.

अडीच वाजता फोन आला. "आई, एकवीसमधून चौदावी आली."

"थे जाऊ दे. चौकोन?"

"बराबर मधात. चारही चाकं आत. एकदम सरळ, आई." मागं लोकांचा गलका होता आणि ती हसत होती.

भाऊरावांनी फोन माझ्या हातातून घेतला. "मांगच्या चाकावर पानी टाकून पाह्यलं काय?"

"पाह्यलं, बाबा. हो म्हनले."

त्यांनी फोन ठेवला आणि तोंड दुसरीकडं वळवलं. मला फार आनंद झाला होता. आणि खोटं कशाला बोलू, माझ्याशिवाय ती गाडी इतकी सरळ थांबते, याचं रडूही आलं. दोन्ही एकदमच आलं.  भाऊरावांनी ओट्यावरच्या कॅरेटमधून एक संत्रं काढलं, सोललं, अर्धं मला दिलं, आणि ती येईपर्यंत आम्ही दोघं तिथंच बसून राहिलो.